जगलेल्या झाडाचे पैसे

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही गोष्ट सांगणार आहोत आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या वांगारी माथाई यांची. १९४० साली न्येरी भागातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. घराजवळ उंबराच्या कुळातलं एक मोठं झाड होतं. आईनं बजावलेलं, ‘याचं सरपण आणायचं नाही, हे देवाचं झाड आहे.’ झाडाजवळून झरा वाहायचा. पुढं वांगारीताई अमेरिकेत शिकून परतल्या, तर झाड तोडलेलं आणि झरा आटलेला. आपल्याकडंही विहिरीची जागा धरताना जुनी माणसं उंबर बघायची, ते उगीच नाही.

१९७१ साली त्यांनी नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण त्यांनी ऐकलं ते खेड्यातल्या बायकांचं. सरपणाला लांब जावं लागतं, पाणी नाही, पोरांना सकस अन्न नाही. यावर त्या म्हणाल्या, झाडं लावू या. १९७७ साली ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू झाली. बायकांनी स्वतः बी गोळा केलं, रोपं वाढवली. त्यांना थोडे पैसेही मिळत, पण लावलेल्या रोपाचे नाही, जगलेल्या रोपाचे!

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोन वर्षांमागं आम्हीही शाळेच्या रस्त्याला झाडं लावली. फोटो निघाले, पेढे वाटले. शिमग्यापर्यंत नुसत्या काठ्या उरल्या. पाणी कुणी घालायचं, हे ठरलंच नव्हतं.

वांगारीताईंना सोपं गेलं नाही. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत होणार होती. त्यांनी विरोध केला. लोकप्रतिनिधींनी टिंगल केली, पण शेवटी ती इमारत झालीच नाही. पुढं १९९९ साली करुरा जंगल वाचवताना त्यांचं डोकं फुटलं. तरी त्या हटल्या नाहीत. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. हे नोबेल मिळवणाऱ्या आफ्रिकेतल्या त्या पहिल्या महिला. २०११ साली त्या गेल्या. माझ्या शवपेटीसाठी झाड तोडू नका, ही त्यांची इच्छा होती. म्हणून पेटी बांबू, लव्हाळं आणि जलपर्णीची केली. त्यांच्या चळवळीनं पाच कोटींहून जास्त झाडं लावली आहेत.

आता आमच्या बचत गटानं ठरवलंय. एकीला पाचच रोपं. भांडी विसळलेलं पाणी त्यांनाच घालायचं. शेळ्यांसाठी बाभळीचं कुंपण करायचं. मोजणी पावसाळ्यात नाही, गुढीपाडव्याला. जितकी रोपं हिरवी, तितकेच पैसे गटाच्या पेटीतून.

तुमच्या गावात किती लावली, हे आम्ही विचारणार नाही. पाडव्याला विचारू, किती जगली?