'निर्वाह' या शब्दाचा अर्थ



आपल्या बरकतपुऱ्यात भविष्यनिधीचे कार्यालय आहे. हिंदी नावात 'भविष्य' आणि 'निधी' एवढेच शब्द आहेत. मराठीने मधे 'निर्वाह' घातला. निर्वाह म्हणजे शेवटपर्यंत वाहून नेणे. भाषेचा अध्यापक म्हणून मला तो शब्द मोलाचा वाटतो.

१९५२ च्या कायद्याने कामगाराची पुंजी बांधली. परंतु एकरकमी पैसा म्हातारपणाला पुरेलच असे नसते. म्हणून १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतन, १९७६ साली ठेवीशी संलग्न विमा आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून निवृत्तिवेतन योजना आली. मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के तिच्याकडे वळले. दहा वर्षांची सेवा झालेल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षी वेतनाचा हक्क मिळाला. त्याच्या पश्चात पत्नीला आणि दोन मुलांना पंचविशीपर्यंत आधार मिळाला.

ही व्यवस्था थोर आहे, पण अपुरी आहे. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १,००० रुपये. त्यात औषधेही भागणे कठीण. शिवाय वीस कामगारांच्या अटीमुळे लहान दुकानातला नोकर आणि घरकाम करणारी बाई बाहेरच राहिली.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण आज मालक आहेत. ज्याचे नाव आपल्या हजेरीपटावर नाही, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब कोणाच्या वहीत आहे, एवढे घरी जाऊन पाहावे. कायद्याची हद्द संपते तेथे शेजारधर्म सुरू होतो.