राजगडावरील पद्मावती तलाव

पुणे जिल्ह्याच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, गुंजवणी आणि वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांमधल्या डोंगरावर राजगड उभा आहे. बालेकिल्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७६ मीटर उंच. गडाच्या तीन माच्यांपैकी सर्वांत प्रशस्त ती पद्मावती माची. तिच्यावरच हा छोटा तलाव आहे.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. काळा कातळ पाणी फारसे शोषत नाही. काही पाणी भेगांतून झिरपते, बाकीचे उताराने खोऱ्यात जाते. म्हणूनच धो धो पाऊस पडूनही डोंगरमाथ्यावर पाण्याची टंचाई असते. शेजारच्या तोरणा गडावर त्यासाठी कातळात टाकी खोदली. राजगडावरही टाकी आहेत. पण पद्मावती माचीवर जागा ऐसपैस असल्याने भिंती घालून तलाव बांधता आला. त्या दगडी भिंती आजही शाबूत असून आत जाण्यासाठी भिंतीतच कमान ठेवली आहे.

तलावाची मदार जून ते सप्टेंबरच्या पावसावर. पाण्याबरोबर मातीही उतरते आणि तळाशी गाळ साचतो. उतारावरची कारवी ही माती धरून ठेवते. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. पावसाळा सरताना मोकळ्या सड्यावर सोनकी आणि तेरडा बहरतो.

अशा डोंगरी तळ्यांत पहिल्या पावसाबरोबर बेडकांचा विणीचा हंगाम सुरू होतो. शेवाळावर बेडूकमासे जगतात, तर चतुराची अळी बेडूकमाशांवर आणि डासांच्या अळ्यांवर. दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून ती भक्ष्य पकडते. वाढ पुरी झाली की ती काठाच्या दगडावर चढते, पाठीवरची कात उलते आणि चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर पडतो. पोकळ कात दगडाला तशीच चिकटून राहते.

साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळात राजगड भोरच्या पंतसचिवांकडे आला आणि १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. गडावर वर्दळ मोठी असते. साठवणीच्या पाण्यात मिसळलेला साबण किंवा उष्टे-खरकटे सहजी वाहून जात नाही, तिथेच मुरते. पर्यटकांनी हात-पाय आणि भांडी तलावात धुऊ नयेत आणि आपला कचरा आपल्याबरोबर खाली न्यावा.