मॅट्रिकचे गुण आणि पदवीचा पल्ला
(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



कोणता विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचेल हे आधी ओळखता येते काय, हा प्रश्न शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या मंडळास दरवर्षी पडतो. आपण गुणपत्रिका पाहतो आणि निकाल देतो. दक्षिण आफ्रिकेत या प्रश्नाचा पुष्कळ खोल विचार झाला आहे. तोच आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

त्या देशात शालान्त परीक्षेस अद्यापही ‘मॅट्रिक’ म्हणतात. (आम्हां जुन्या मॅट्रिकवाल्यांस हे ऐकून बरे वाटले!) वर्णद्वेषी राजवटीत तेथे गोऱ्यांच्या शाळा निराळ्या होत्या, १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांचे शिक्षण तर बुद्ध्याच हलके ठेवले. अशा शाळेतले गुण मुलाची कुवत सांगत नाहीत, शाळेची अवस्था सांगतात. हे ओळखून केपटाऊन विद्यापीठाने १९८० नंतरच्या दशकात स्वतःची निराळी प्रवेशचाचणी सुरू केली. मुलास काय पाठ आहे यापेक्षा, थोडा आधार दिल्यास तो किती शिकू शकेल, हे तीत अजमावीत. आम्ही इतकी वर्षे वर्गात काढली. या चाचणीमागील दृष्टी आम्हांस सर्वस्वी पटते.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे पदवी मिळाली असे नव्हे. तेथील उच्च शिक्षण परिषदेच्या २०१३ च्या अहवालानुसार, प्रत्यक्ष वर्गात शिकणाऱ्या चौघांपैकी सुमारे एकच जण नियत मुदतीत पदवीधर होत असे. आणि एकंदर प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के कधीच होत नसत. शाळेचे शिक्षण जेथे संपते आणि विद्यापीठाचे जेथे सुरू होते, त्यांमधील दरी हे परिषदेने मोठे कारण मानले, व अभ्यासक्रमास एक वर्ष वाढवून देण्याची सूचना केली.

भाषेचीही अडचण आहेच. पहिल्या तीन इयत्ता झुलू, खोसा यांसारख्या मातृभाषेत आणि चौथीपासून एकदम इंग्रजीत, अशी रीत तेथे अनेक वर्षे राहिली. पैशाचे तर काय सांगावे! शुल्कवाढीविरुद्ध २०१५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यानंतर २०१८ पासून वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांस सरकारी साहाय्य मिळू लागले.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलाची शाळा कोणती, शिक्षणाची भाषा कोणती आणि घरी पूर्वी कोणी महाविद्यालयात गेले होते काय, यासाठी रकाने नाहीत. ते येत्या वर्षीच घालावेत, अशी समितीस आमची आग्रहाची विनंती आहे.