फोनवर सगळे तपासनीस, साक्षीच्या पिंजऱ्यात कोण?

(महाविद्यालयीन मुली आणि गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या नगर येथील एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय होता ‘समाजमाध्यमं आणि स्त्रिया’. एवढ्या मोठ्या विषयावर थोडं थोडं सगळंच बोललं तर कोणाच्याच हाती काही लागायचं नाही, म्हणून मी त्यातला एकच धागा धरणार आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचा खून झाला आणि लगेच कोणी सापडलं नाही, की घरबसल्या फोनवर तपास करणारे शेकड्यांनी तयार होतात. शेवटचा फोन कोणाला गेला, कोणता मित्र अंत्यविधीला रडला नाही, मैत्रीण त्या रात्री कुठं होती, असं सगळं चालतं. तुमच्यातल्या कित्येकजणी हे व्हिडिओ बघता. मीही बघते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक मुलगी कशी मारली गेली हे दुसऱ्या मुलीला समजून घ्यावंसं वाटतं, कारण ‘उद्या माझ्यावर वेळ आली तर’ हा प्रश्न प्रत्येकीच्या पोटात असतो. पण या तपासातून निष्पन्न काय होतं, ते आपण जरा डोळे उघडून बघू.

आधी लांबचं उदाहरण घेते, कारण ते पूर्ण झालेलं आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यात मॉस्को नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे एका भाड्याच्या घरात तीन मुली आणि एक मुलगा अशा चार विद्यार्थ्यांना भोसकून मारलं. जवळजवळ सात आठवडे कोणालाही अटक झाली नाही. तेवढ्या काळात जगभरच्या हौशी तपासनिसांनी किती जणांना फासावर चढवलं, त्याची गणती नाही. त्या घरात आणखी दोन मुली होत्या, त्या वाचल्या. त्या का वाचल्या, पोलिसांना कळवायला दुपार का उजाडली, म्हणून त्यांच्यावरच संशय. टॅरोचे पत्ते वाचणाऱ्या एका बाईनं तर इतिहासाच्या एका प्राध्यापिकेचं नाव घेऊन सांगितलं की खून हिनंच घडवले. ती प्राध्यापिका त्या चौघांना ओळखतही नव्हती. तिनं दावा लावला आणि २०२४ मध्ये न्यायालयानं तिची बदनामी झाल्याचं मान्य केलं. खुनी निघाला तो शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा अभ्यास करणारा. चाकूच्या म्यानावरचा डीएनए, गाडीचं चित्रण, मोबाइलच्या नोंदी, अशा कंटाळवाण्या कामातून तो ३० डिसेंबरला पकडला गेला. जुलै २०२५ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला चार जन्मठेपा झाल्या. फोनवरच्या यादीत काही मुलांचीही नावं होती, पण सर्वांत जास्त चिरफाड झाली ती जिवंत राहिलेल्या मुलींची. हे लक्षात ठेवा.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, धर्मस्थळला, ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ वर्षांच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तिचं नाव मी घेत नाही. मरण पावलेल्या पीडितेचंही नाव उघड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलेलं आहे, आणि ते मला पटतं. ज्याला पकडलं होतं तो माणूस जून २०२३ मध्ये निर्दोष सुटला. म्हणजे अकरा वर्षांनी प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर. २०२५ मध्ये या प्रकरणावरचे व्हिडिओ कोट्यवधींनी पाहिले. त्याच वर्षी एका माजी सफाई कामगारानं तिथं अनेक प्रेतं पुरल्याचं सांगितलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं, खोदकाम झालं आणि ऑगस्टमध्ये त्या कामगारालाच खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. व्हिडिओवाल्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय महाराष्ट्रात हे प्रकरण कोणाच्या कानावर आलं असतं? पण एवढा धुरळा उडून त्या मुलीला कोणी मारलं, हा प्रश्न होता तिथंच राहिला.

आता घरी येते. जामखेड तालुक्यातलं खर्डा. १७९५ ची खर्ड्याची लढाई आपण शाळेत पाठ केली. याच जामखेड तालुक्यात १९७० पासून अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांनी आरोग्याचं असं काम उभं केलं की ते बघायला जगभरातून लोक येतात. त्याच तालुक्यात २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे हा कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारा १७ वर्षांचा दलित मुलगा मारला गेला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या एका मुलीशी बोलतो, एवढं कारण सांगितलं गेलं. दिवसाढवळ्या, शाळेच्या आवारातून मारहाण करत नेलं, मारून झाडाला लटकवलं, असं फिर्यादीत होतं. राज्यभर निषेध झाला, नेते येऊन गेले. फोनवर तर ज्याला त्याला सगळं माहीत होतं. कोण होते, कोणत्या गाडीवरून आले, कोण कोणाचा पाहुणा.

खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, त्यांत शाळेतलेही होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयापुढचे सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. भर दिवसा, शाळा भरलेली असताना ज्याची सुरुवात झाली, तो खून कोणी केला ही जागा निकालपत्रात कोरी राहिली.

म्हणून मला आपल्या जिल्ह्यापुरतं असं वाटतं की ‘न उलगडलेला खून’ हा शब्द आपण जपून वापरावा. टीव्हीवरच्या मालिकेत खून उलगडत नाही तो धागा सापडत नाही म्हणून. इथं धागा शंभर जणांच्या हातात असतो आणि पिंजऱ्यात उभं राहिल्यावर हात रिकामे होतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. ती कोणाच्या सोयीची आहे, याचा कधी विचार केलाय?

आणि त्या प्रकरणातली मुलगी? तीही शाळकरी वयाचीच. तिचं त्याच्याशी काय नातं होतं, ती काय म्हणाली असेल, कोणी पाहिलं, यावर लोकांनी चवीनं लिहिलं. नितीनच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनीसुद्धा त्याची प्रेमकहाणी करून टाकली. मुलगा मारला गेला, आणि एक जिवंत मुलगी जन्मभरासाठी ‘कारण’ होऊन बसली. मी तिच्याबद्दल यापुढे एक अक्षर बोलणार नाही आणि तुम्हीही कोणाला विचारू नका. २००६ मध्ये खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हा हातोहाती फोन नव्हते. तरी सुरेखाबाईंच्या चारित्र्याच्या गोष्टी भंडाऱ्याहून मुंबईला पोचल्याच होत्या. खुनाचं कारण बाईच्या वागण्यात शोधायची सवय जुनी आहे. फोननं तिला चाकं लावली.

तर्काचं दुसरं टोक जवखेड्याला दिसलं. पाथर्डी तालुका, ऑक्टोबर २०१४. एका दलित कुटुंबातले आईवडील आणि कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा, तिघांना अत्यंत क्रूरपणे मारलं. गुन्हेगार कोण हे बाहेरच्यांनी आठवड्याभरात ठरवून टाकलं. डिसेंबरमध्ये पोलिसांनी अटक केली ती नात्यातल्यांना. झालं! कालपर्यंत गप्प असलेली दुसरी बाजू लगेच फोनवर आली, आणि अत्याचाराच्या सगळ्याच तक्रारी खोट्या असतात, असा प्रचार सुरू झाला. घाईनं ठरवलेल्या निष्कर्षाची किंमत अशी पुढच्या तक्रारदाराला मोजावी लागते.

कोपर्डीचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १३ जुलै २०१६, कर्जत तालुका, १५ वर्षांची मुलगी. तिचं नाव फोनवरून गावोगाव फिरलं, ते फिरवणारे तिला न्याय मागणारेच होते. पण न्यायालयात मात्र काम वेगळ्या पद्धतीनं झालं. तीसहून अधिक साक्षीदार तपासले गेले, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी जुळली, आणि ज्या महिन्यात खर्ड्याचे आरोपी सुटले त्याच नोव्हेंबर २०१७ मध्ये याच नगरच्या न्यायालयात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. (फाशीबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो आजचा विषय नाही.) एका खटल्यात साक्षीदारांच्या पाठीशी अख्खा समाज उभा होता. दुसऱ्यात साक्षीदार ज्या गावात राहणार, ते गावच समोरच्या बाजूला होतं. दोन्हीकडे फोनवरचे तपासनीस सारखेच उत्साही होते.

साक्ष देणं म्हणजे काय, ते कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही. जामखेडहून नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. समन्स आलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. पहाटेची एसटी, कोर्टाच्या आवारात झाडाखाली दिवसभर बसायचं, आणि त्याच झाडाखाली आरोपीचे भाऊबंद बसलेले. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात. चारला पुकारा होतो, पुढची तारीख. परत गावात जायचं, तिथंच दळण, तिथंच पाणी, ज्याच्या शेतात खुरपायला जायचं तो आरोपीचा चुलता. अशी बाई तिसऱ्या तारखेला ‘मला आठवत नाही’ म्हणाली तर तिला फोनवरून गद्दार म्हणणं सोपं आहे. त्यात कोणीतरी तिचं नाव, तिच्या घराचा फोटो ‘या ताईंनी डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणून कौतुकानं टाकलेला असतो. त्या कौतुकानं तिचा पत्ता नको त्याच्या हाती आयता जातो.

कायद्यात काहीच नाही, असं नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम आहेत, त्यांतला अकरावा नियम वाचा. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि किमान वेतनाइतका दैनिक भत्ता मिळायला हवा. साक्षीदार बाई असेल तर तिला स्वतःच्या पसंतीचं माणूस सोबत न्यायचा हक्क आहे, आणि त्या सोबतीलाही खर्च मिळतो. २०१६ पासून याच कायद्यात १५ अ हे कलम आलं, पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं. कोणत्याही गंभीर गुन्ह्यातल्या साक्षीदारासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांकडून मागवला जातो, आरोपीचं तोंड न बघता साक्ष देण्याची सोयसुद्धा मागता येते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण घरच्यांना पोलीस काहीच सांगत नाहीत, तेव्हाच ती पोकळी अफवांनी भरते. लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या.

तुमच्याकडे उद्या काही आलं, एखादा फोटो, आवाज, चित्रण, तर ते गटावर टाकू नका. मूळ फोनमध्ये तसंच ठेवा, कापाकापी करू नका, आणि पोलिसांना देताना पंचनामा होईल हे बघा. गटावर शंभरदा फिरलेल्या चित्रणाचे आरोपीचा वकील कोर्टात पाच मिनिटांत तुकडे करतो.

जिल्ह्यात आज ज्या बायका साक्षीदार आहेत, त्यांतल्या काही आपल्या संपर्कात आहेत. त्यांची नावं मी इथं सांगणार नाही. त्यांना तारखेला सोबत हवी आहे. महिन्यातून एक दिवस काढू शकेल, कोर्टात आठ तास काहीही न बोलता शेजारी बसू शकेल, आणि घरी आल्यावर त्याबद्दल फोनवर काही लिहिणार नाही, अशा मुली मला हव्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या दाराजवळच्या टेबलापाशी बसलेली असेन.