करिंथच्या धक्क्यावरची माणसं
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत गोण्या उचलतो, कविता लिहितो. ग्रीक मला येत नाही. पण ख्रिस्ती धर्म नेमका कुणी घडवला यावर युरोपातले पंडित दोनशे वर्षं भांडतायत, आणि त्या भांडणात मला तोंड घालायचंय. कारण हे भांडण देवाचं नाही. लेखणी कुणाच्या हातात होती, याचं आहे.

आधी भांडण समजून घ्या. येशूनं स्वतः लिहिलेली एक ओळ आपल्यापाशी नाही. तो गालीलचा, बोली अरामी. त्याच्याविषयीची शुभवर्तमानं मात्र ग्रीकमध्ये. बहुतेक अभ्यासक मार्कचं सगळ्यात जुनं धरतात, ते इ. स. ७० च्या आसपासचं. म्हणजे क्रुसावर चढवल्याला चाळीसेक वर्षं लोटल्यावर. त्याआधीची जी पत्रं हाती आहेत ती पौलाची, आणि पौल तर येशूच्या बारा शिष्यांतला नव्हताच.

१८३१ साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या बाउरनं मांडलं की सुरुवातीला एकसंध चर्च नव्हतंच, पेत्राचा आणि पौलाचा असे दोन गट होते. १९०४ साली व्रेडे म्हणाला, पौल हाच ख्रिस्ती धर्माचा दुसरा संस्थापक. आज काही अभ्यासक उलट सांगतात, की पौल शेवटपर्यंत यहुदीच राहिला, नवा धर्म काढणं त्याच्या डोक्यातही नव्हतं. कुणी येशूचा भाऊ याकोब पुढं करतं. तो जेरुसलेमचा पुढारी, ६२ साली मारला गेला. आणि चहाच्या टपरीवरचा शहाणा म्हणतो, धर्मग्रंथात काय ठेवायचं ते कॉन्स्टंटाइन बादशहानं ३२५ साली निकियाच्या परिषदेत ठरवलं. साफ थाप. त्या परिषदेच्या नियमांत पुस्तकांची यादीच नाही.

येशू, पौल, याकोब, कॉन्स्टंटाइन. चारी बाप्ये, चारी नावाजलेले. माझा सवाल साधा आहे. बाकीचे कुठं गेले?

पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र उघडा. अंत्युखिया शहरात यहुदी आणि बिगरयहुदी एका पंगतीला बसत होते. पेत्रही बसायचा. मग जेरुसलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र पंगतीतून उठला. बर्णबाही उठला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर झाडलं. पेत्रानं काय उत्तर दिलं ते पत्रात नाही. ज्यांच्या ताटावरून हे उठले, त्या बिगरयहुद्यांना काय वाटलं, तेही नाही. पंगत म्हणजे काय ते मला तुम्हाला सांगायला नको. एवढ्या मोठ्या धर्माचं पहिलं जाहीर भांडण ईश्वराच्या रूपावरून नाही, जेवायला कुणाशेजारी बसायचं यावरून आहे!

आता करिंथला चला. हे माझ्या ओळखीचं गाव, म्हणजे बंदराचं. पश्चिमेला लेखायोन, पूर्वेला किंख्रिया, दोन धक्के. मधल्या चिंचोळ्या जमिनीवर दगडी रस्ता, त्यावरून माल आणि कधी गलबतंसुद्धा ओढून न्यायचे. रोमनांनी हे शहर इ. स. पूर्व १४६ ला बेचिराख केलं, इ. स. पूर्व ४४ ला पुन्हा वसवलं, आणि वसवायला आणलेल्यांत पुष्कळ सुटलेले गुलाम होते. पौल इथं तंबू शिवून पोट भरायचा. इथल्या मंडळीला तो लिहितो की प्रभूच्या भोजनाला एकजण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, तेव्हा एकमेकांसाठी थांबा. उशिरा कोण येत असणार? ज्याची सुट्टी मालकाच्या हातात, तोच. हे मला कुणी पंडितानं समजावायची गरज नाही.

एंगेल्सनं १८९४ साली लिहिलं की हा धर्म गुलाम, सुटलेले गुलाम आणि गोरगरीब यांचा म्हणून उगवला. कौट्स्कीनं १९०८ साली त्यावर जाडजूड पुस्तक केलं. पुढं १९८३ साली वेन मीक्सनं दाखवलं की मंडळी मिसळीची होती. करिंथचा नगरखजिनदार एरास्तही पौलाच्या नमस्कारांत आहे. खरंय, म्हणूनच तर एकजण तर्र आणि एकजण उपाशी! पण शत्रूची साक्ष ऐका. १७८ च्या सुमारास केल्सस टिंगल करतो की हा धर्म लोकर विंचरणारे, चांभार आणि परीट पसरवतायत. रोमन गव्हर्नर प्लिनी ११२ च्या सुमारास बादशहाला कळवतो की खरं काढायला मी दोन गुलाम बायकांचे हाल केले. मंडळीत त्या सेविका म्हणून पदावर होत्या. नावं त्यानं लिहिली नाहीत. लिहायची त्याला गरजच वाटली नाही.

आणि मग लेखणी फिरली. कलस्सै आणि इफिस इथल्या मंडळींच्या नावची पत्रं गुलामांना बजावतात, धन्याचं ऐका. ही पत्रं पौलाच्या नावावर आहेत, पण ती त्याचीच का, यावर अनेक अभ्यासकांना शंका आहे. म्हणजे बघा, माणूस मेल्यावर त्याच्या नावानं गुलामांना गप्प बसवलं असेल, तर धर्म कुणी घडवला हा पुस्तकी प्रश्न राहत नाही. त्या दोन ओळींच्या जोरावर पुढं अमेरिकेत मळेवाल्यांनी माणसं विकत ठेवली.

आपल्या मराठी बायबलनंही गुलामाला ‘दास’ केलंय. दास म्हटलं की आपल्याला टाळ-मृदंग ऐकू येतो. मूळ ग्रीक शब्दातला माणूस बाजारात विकला जायचा. जोतीबांनी १८७३ साली पुस्तकाचं नाव ‘गुलामगिरी’ ठेवलं, ‘दास्यभक्ती’ नाही.

घरी जाऊन एक करा. रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय काढा. त्यात जवळजवळ नुसती नावंच आहेत, म्हणून लोक पानं उलटतात. पहिलंच नाव फिबी, किंख्रियाच्या धक्क्यावरल्या मंडळीची सेविका. पुढं युनिया, प्रेषितांत नावाजलेली बाई. तिला नंतरच्यांनी कित्येक छापील प्रतींत पुरुष करून टाकलं. आणि शेवटाकडे एकजण मधेच डोकं वर काढून म्हणतो की हे पत्र लिहिणारा मी तर्तियस, माझाही नमस्कार. तर्तियस म्हणजे तिसरा. नाव नाही, नंबर. असली नावं गुलामांत सर्रास असत. पौल बोलत होता, हात याचा चालत होता. एवढ्या लांब पत्रात त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं, ते त्यानं सोडलं नाही.

कुणी पुन्हा विचारलं, ख्रिस्ती धर्म कुणी घडवला, तर आधी त्याच्यापुढं ही यादी वाचा. मोठ्याने वाचा. मग म्हणा, चल, आता पौलाविषयी बोलू.