आकाशातील अंतर आणि वेळ
(भूगोल-शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंतराला वेगाने भागले की लागणारा वेळ मिळतो, असे आपण मुलांना शिकवतो. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांच्या बाबतीत मात्र हे गणित अपुरे ठरले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन शहरांदरम्यान थेट सेवा सुरू केली. विमान पश्चिमेकडे, अटलांटिक ओलांडून जाई. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरीही प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास आटोपला, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात! रविवारी पहाटे दिल्लीहून निघालेले प्रवासी वाटेत वाररेषा ओलांडून शनिवारात गेले आणि रविवारीच सकाळी सॅन फ्रान्सिस्कोस उतरले.

याचे कारण वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांत, सुमारे दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कित्येकदा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. त्यामुळे वारा पाठीशी असला की जमीन झपाट्याने मागे पडते आणि तो समोरून आला की इंधन जळते, पण अंतर कापले जात नाही. विमान हवेत असताना पृथ्वी खालून फिरते म्हणून हा फरक पडतो, असे पुष्कळ जण समजतात, अगदी शिकलेलेही. ते चूक आहे, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते.

या दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट मात्र तिसरीच आहे. ती केवळ १२,४०० किलोमीटरच्या आसपास असून उत्तर ध्रुवाजवळून जाते. परंतु तिच्या आरंभीच हिमालय आणि तिबेटचे पठार उभे आहे. विमानातील हवेचा दाब अचानक गेला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमान तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावे लागते. तेथे जमीनच त्याहून उंच! ध्रुवाकडील वाट अशक्य नाही, हेही खरे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते ध्रुवावरूनच.

शिवाय आकाशालाही सीमा आहेत. पाकिस्तानचे आकाश २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून, भारतीय विमानांना बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नास उतरावे लागले. मुलाबाळांना भेटण्यास निघालेल्या वृद्ध आईवडिलांना हे वाढीव तास किती जड जातात, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या शाळेतील पृथ्वीगोल कपाटातून काढावा. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यावर दोऱ्याची टोके धरून तो ताणावा. दोरा ध्रुवाकडे सरकेल. मग विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही, हे मुलांनाच विचारावे.