वय झालं म्हणून गप्प?



घरात सासूबाईंना किंवा वडिलांना डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' सांगितलं, की आपण गोळ्या वेळेवर देतो, मीठ कमी करतो, पायाची सूज बघतो. पण माणूस गप्प गप्प राहायला लागला, तर म्हणतो, "वय झालं, चालायचंच."

ताईंनो, ते वय नसेल, नैराश्य असेल. अशा आजाऱ्यांत साधारण पाचांतल्या एकाला ते असतं. कमजोर हृदय पुरेसं रक्त पुढं ढकलत नाही, म्हणून थकवा येतो, झोप मोडते. नैराश्यातही तेच होतं. म्हणून ते पटकन ध्यानात येत नाही.

मग ओळखायचं कसं? शेजारी बसा आणि दोनच गोष्टी विचारा. गेले दोन आठवडे मन उदास असतं का? आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही का? दम लागतो म्हणून भजनाला न जाणं वेगळं. भजनातल्या बायका घरी आल्या तरी तोंड फिरवणं वेगळं.

उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरांना सांगा. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, मग हृदयाचं दुखणंही वाढतं. नैराश्यावर उपचार आहेत. फक्त हृदयाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना दाखवा.

"आता जगून काय करू?" असं कोणी म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका, एकटं सोडू नका. लगेच १४४१६ वर फोन लावा. टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की एकमेकींना विचारा: घरातलं म्हातारं माणूस बोलतंय ना?